साडेसहा चिऱ्यांचं कुटुंब

गोपाळकृष्ण बेहेऱ्यांनी आयुष्यात एकच गोष्ट घाईत केली, ती म्हणजे लग्न. आणि तेही, मुलगी बघायला गेले त्या दिवशी हेदवीहून परतीची शेवटची एसटी सुटत होती म्हणून. पोहे खाता खाता होकार देऊन ते धावत सुटले. पुढे चाळीस वर्षं उमाकाकू सांगत आल्या, "माझ्याऐवजी मिक्सर असता तर तीन वर्षं लावली असतीत." आणि हे अगदी खरं होतं. बेहेऱ्यांच्या घरी मिक्सर आला तो काकूंनी मागितल्यावर तिसऱ्या वर्षी. त्या दिवशी काका घरून डब्यात भिजवलेली उडदाची डाळ घेऊन रत्नागिरीच्या दुकानात गेले आणि दुकानातले पाचही मिक्सर एकामागून एक चालवून बघितले. दुकानदारानं शेवटी त्यांना चहा पाजला, तो आदरानं की त्यांनी जावं म्हणून, हे त्यालाच माहीत.

हा स्वभाव मूळचा, पण नोकरीनं तो पक्का केला. पोफळीच्या वीजप्रकल्पात त्यांनी उभी हयात स्टोअर सांभाळलं. आलेला प्रत्येक बोल्ट हातात घेऊन, फिरवून, नखानं खरवडून मगच आत घ्यायचा, नाहीतर परत. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. निवृत्त होऊन वाडीत परतले तेव्हा खरवडायला बोल्ट उरले नाहीत, म्हणून मग छत्र्या, विळे, कोयते, फवारणीचा पंप, जे दिसेल ते. वाडीत म्हणत, मुलगी उजवायची असेल तर बेहेरेकाकांना स्थळ बघायला नेऊ नये, ती जन्मभर घरातच राहील. काकांच्या कानावर हे गेलं होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नव्हतं.

तर अशा माणसावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, महिन्याभरात गाडी निवडायची वेळ आली.

बेहेऱ्यांचं घर आरे-वारेच्या वरच्या अंगाला. खाली समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता, वर कातळाचा उघडा सडा, आणि मधल्या उतारावर हापूसची कलमं. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या लाल दगडात खोदून काढलेली घाटी. घाटी म्हणजे काय, चाकं जातील इतकी रुंद केलेली शिडीच. मध्यावर, रातांब्याच्या झाडापाशी, ती एकदम काटकोनात वळते. उन्हाळ्यात ठीक असतं. पावसाळ्यात त्या वळणावर असं शेवाळ धरतं की गुरंदेखील तिथे विचार करून पाय टाकतात.

गेल्या आषाढात काकांच्या पाच वर्षांच्या नातीला, मुक्ताला, ताप चढला आणि डोळे फिरायला लागले. मुलानं, सलिलनं, तिला घेऊन गाडी काढली. उतरताना वळणावर ती छोटी गाडी घसरली आणि गटारात एक चाक घालून बसली. पुढची चाकं नुसती गरगरत होती. शेवटी सलिल पोरीला खांद्यावर टाकून पावसात खाली पळाला, मागून सून ऋजुता, आणि नेवऱ्याकडून येणाऱ्या एका मासळीच्या टेंपोनं त्यांना दवाखान्यात पोचवलं. पोर तिसऱ्या दिवशी ओटीवर उड्या मारत होती. पण ऋजुताच्या मनातून ते वळण गेलं नाही.

ऋजुता पुण्याची. रत्नागिरीत तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. बोलायला कमी, पण एकदा बोलली की त्यात खाडाखोड नाही. यंदा तिला पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरांनी सांगितलं की जुळं आहे. काकांची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची आक्का, जपमाळ थांबवून म्हणाली, "दोन? बरं झालं हो, एका बाळंतविड्यात उरकलंत."

सगळे हसले. त्याच रात्री जेवताना सलिल म्हणाला, "बाबा, रत्नागिरीत, नाचण्याला एक फ्लॅट बघितलाय."

काकांनी लगेच विचारलं की बांधकाम कुणाचं, पाणी कुठलं, पार्किंगमध्ये पाणी साचतं का. सगळे प्रश्न रांगेनं विचारून झाले. मग त्यांनी ताकभात कालवला आणि तो तसाच ठेवून हात धुतले. नातवंडांच्या आवाजाशिवाय ते घर कसं वाटेल, हे त्यांनी पोफळीच्या क्वार्टरमध्ये एकट्यानं जेवून पुरेपूर अनुभवलं होतं. आता म्हातारपणी ते परत नको होतं. पण हे बोलायचं कसं? बोल्टाबद्दल बोलता येतं.

ऋजुतानं ते ताकभाताचं ताट बघितलं. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर येऊन बसली.

"बाबा, मला इथून जायची हौस नाही. पण दोन तान्ही बाळं घेऊन मी त्या वळणावर उभी राहणार नाही. भर पावसात थेट घरापर्यंत चढेल, सगळ्यांना एकदम नेईल अशी गाडी मिळाली, तर आपण इथंच राहू. नाहीतर पितृपक्ष लागायच्या आत फ्लॅटचं पक्कं करू."

"म्हणजे गणपती होईस्तोवर मुदत," काका म्हणाले.

"हो. आणि गाडी तुम्हीच निवडा. तुमच्यासारखी पारख दुसऱ्या कोणाला नाही."

ह्यात चेष्टा होती की विश्वास, ह्यावर काकांनी दोन दिवस विचार केला. मग विश्वास आहे असं धरून ते कामाला लागले.

पहिल्यांदा त्यांनी ठरवलं की चारी चाकांना जोर असलेली गाडी हवी. हे ज्ञान त्यांना रेती वाहणाऱ्या एका ड्रायव्हरनं दिलं होतं. मग ते रत्नागिरीतल्या प्रत्येक शोरूमची पायरी चढले. पायांत चपला, खांद्याला शबनम, पिशवीत टॉर्च आणि टेप. शोरूममधली गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, कुंडीत प्लॅस्टिकची झाडं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये एका चकचकीत गाडीखाली उताणे पडलेले बेहेरेकाका, नुसते पाय बाहेर. एका ठिकाणी वॉचमन घाबरून धावत आला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

"चक्कर नाही रे," गाडीखालून आवाज आला. "हिच्या मागच्या चाकांना जोर देणारा दांडा जातो की नुसतंच पाठीमागे 'फोर बाय फोर' लिहिलंय, ते बघतोय."

दोन गाड्यांना खरंच दांडा नव्हता. काकांना फार आनंद झाला. लबाडी सापडली की त्यांची भूक वाढत असे.

घरच्यांच्या मागण्या वेगळ्याच होत्या. मुक्ताला छतातली खिडकी हवी होती, तीतून डोकं काढायला. उमाकाकूंना मागे दोन फणस आणि एक पाटा मावेल इतकी जागा हवी होती. पाटा कुठे न्यायचा होता ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आक्काचं म्हणणं, पायरी बुटकी हवी. "नाहीतर मला दोघांनी उचलून टाकावी लागेल. ते एकदाच व्हायचंय, आत्ता नको." सलिलला मात्र काहीच नको होतं. बाबा एकदाचे काहीतरी ठरवतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

एक गाडी आक्काच्या मापानं फार उंच निघाली. दुसरीची शेवटची रांग म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. तीत बसून काकांनी मान वर केली तसं डोकं टपाला आपटलं. तिसरी मात्र डोळ्यांत भरली. लांबट, पोटानं ऐसपैस, सात जण बसतील अशी, पायरी बेताची, आणि चारी चाकांना जोर. विकणारा पोरगा रितेश, गुहागरकडचा, नवीनच लागलेला.

"काका, हिचं असं आहे," रितेश म्हणाला, "एक चाक घसरायला लागलं की गाडी ओळखते आणि ज्या चाकाला पकड असेल त्याला जोर देते."

"कोण ओळखतं?"

"गाडीच, काका."

"आणि तिनं चुकीचं ओळखलं तर?"

रितेशला प्रशिक्षणात हा प्रश्न शिकवलेला नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घ्या ना. साळवी स्टॉपपर्यंत जाऊन येऊ."

"साळवी स्टॉपला मला काय काम?" काका म्हणाले. "माझं वळण रातांब्यापाशी आहे."

श्रावणातल्या एका गुरुवारी, सकाळपासून सरीवर सर कोसळत असताना, रितेश गाडी घेऊन घाटीच्या पायथ्याशी आला. तिथे बेहेरेकाका छत्री घेऊन उभे होते. सोबत त्यांच्या बागेतला गडी बाळा, आणि बाळाच्या शेजारी गोणपाटाखाली रचलेले चिरे. चिरा म्हणजे घरं बांधायचा जांभा दगड. एकेक तीस-पस्तीस किलोचा. कुंपणाच्या गडग्याच्या कामातून ते उरलेले होते.

"हे कशाला?" रितेशनं विचारलं.

"माणसं आहेत," काका म्हणाले.

काकांचा विचार बिनतोड होता. रिकामी गाडी काय, कुठेही चढेल. परीक्षा व्हायला हवी ती भरलेल्या गाडीची. पण पोटुशी सून, म्हातारी बहीण आणि लहान पोर ह्यांना त्या वळणावर परीक्षेला बसवणं म्हणजे गाढवपणा. तेव्हा माणसाच्या वजनाइतके चिरे. त्यांनी आदल्या दिवशी पडवीत बसून हिशेब लावला होता आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येक चिऱ्यावर चुन्यानं नाव घातलं होतं. ऋजुता, दोन चिरे. उमा, दोन. ("अडीच होतील हो," बाळा म्हणाला होता. "हळू बोल," काका म्हणाले होते.) आक्का, एक. मुक्ता, अर्धा. आणि एक चिरा मधोमध फोडून दोन अर्धुकं केली होती. एकावर लिहिलं होतं 'थोरलं', दुसऱ्यावर 'धाकटं'. अजून जगात यायचे होते, त्यांच्यातही काकांनी मान ठरवून टाकला होता.

"काकांनु, आक्कास्नी कुटं ठेवू?" बाळानं चिरा उचलत विचारलं.

"मधल्या रांगेत, खिडकीशी. तिला मळमळतं."

रितेश कळवळून म्हणाला, "काका, सीट! नवीन डेमो गाडी आहे हो."

काकांनी गोणपाटाच्या चार-चार घड्या सीटवर घातल्या, वर जुनी चटई, मग चिरे. रितेशनं गाडी सुरू केली तशी ती टिंग टिंग ओरडायला लागली. सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, असं तिचं म्हणणं होतं. काकांनी समाधानानं मान हलवली. गाडीनं माणसं ओळखली होती. मग बाळानं आणि रितेशनं मिळून सगळ्या चिऱ्यांना पट्टे बांधले. सहा महिन्यांच्या नोकरीत रितेशनं बरंच काही बघितलं असेल, पण उमाकाकू नावाच्या दोन दगडांना त्यानं पहिल्यांदाच पट्टा लावला.

वर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली सगळे जमले होते. सलिल, ऋजुता, उमाकाकू, खुर्चीवर आक्का, आणि मुक्ता एका पायावर. चिऱ्यांचं कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी कसलं तरी वजन भरलंय, एवढंच सलिलनं सांगितलं होतं.

काका वळणावर, रातांब्याखाली जाऊन उभे राहिले. तिथून चारी चाकं दिसत. छत्रीवर पाऊस ताशासारखा वाजत होता. ते देवभोळे नव्हते, पण त्या क्षणी ते गणपतीला एवढंच म्हणाले, की बाबा रे, आजवर मी तुझ्या मोदकांचीही चिकित्सा केली, ह्यापुढे करणार नाही, एवढी गाडी चढव.

गाडी आली. पहिला चढ सहज चढली. वळणावर आली, पुढचं डावं चाक शेवाळावर गेलं आणि गरगरलं. गाडी जागच्या जागी थांबली, एक वीत मागे सरकली. रितेशनं घाबरून पाय काढला.

"काढू नको!" काका ओरडले. "दे जोर! दे रे मेल्या!"

रितेशनं डोळे मिटले असावेत, पण पाय दाबला. गाडीच्या पोटातून खरखर आवाज झाला, जणू ती विचार करत होती. मग मागच्या चाकांनी जांभा पकडला. गाडीनं अंग उचललं, वळण घेतलं आणि काकांच्या सदऱ्यावर लाल पाण्याचा फवारा उडवून वर गेली. वरून मुक्ताची किंकाळी आली आणि पाठोपाठ टाळ्या. काका छत्री मिटून पावसातच घाटी चढत सुटले. डोळे चुरचुरत होते, त्यातलं पाणी पावसाचं होतं की दुसरं हे बघायला ते थांबले नाहीत. राहिलं, घर राहिलं, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

ते खळ्यात पोचले तेव्हा गाडीची चारी दारं उघडी होती आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली होती.

"मी एकच चिरा?" आक्का म्हणत होती. "गोपाळ, अरे हाडं तरी धरलीस का माझी?"

"आणि मी दोन," उमाकाकू म्हणाल्या. "बघा, लग्नानंतर पहिल्यांदा माझं कमी लिहिलंत."

मुक्ता आपल्या अर्ध्या चिऱ्याला खाऊ भरवत होती. सलिल मागच्या रांगेत वाकून 'थोरलं' आणि 'धाकटं' वाचून दाखवत होता आणि हसू फुटून मध्येच थांबत होता. ऋजुता पोटावर हात ठेवून हसत होती. हसता हसता ती गाडीभोवती एक फेरी फिरली, पुढून मागे, मागून पुढे. मग थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा चिरा कुठाय?"

काका सदरा पिळत होते. "माझा? माझा कशाला? सात जागा आहेत. सलिल चालवणार, शेजारी तू, मध्ये ह्या तिघी, मागे ती दोघं. भरली."

"आणि तुम्ही?"

"मी येईन की मागून एसटीनं. मला सवय आहे."

हे ते अगदी सहज म्हणाले. मिक्सरला पाती किती, हे सांगावं तसं. पण खळ्यातलं हसणं थांबलं.

ऋजुता म्हणाली, "अजून जन्मली नाहीत त्यांना तुम्ही एकेक सीट दिलीत. तान्ही बाळं मांडीवर असतात, बाबा."

"तान्ही किती दिवस? गाडी काही दरवर्षी बदलत नाही आपण. चांगली पंधरा वर्षं चालवायची. तोवर ती बाप्यांएवढी होतील, त्यांना जागा लागेल. आणि तोवर मी..." काकांनी हातानंच समुद्राच्या दिशेला काहीतरी दाखवलं. "हिशेब पुढचा धरायचा असतो."

"मग आक्कांना कसं धरलंत?" सलिल म्हणाला. "त्या तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आहेत."

"आक्का?" काकांना प्रश्नच कळेना. "आक्का कुठे जात्येय?"

आक्का सर्वांत आधी हसली. "खरं आहे हो. माझी जागा ठेवा, मी सगळ्यांना पोचवून जाणार."

पण ऋजुता हसली नाही. ती जवळ आली.

"मी नाचण्याला कुठला फ्लॅट बघितला, ते विचारलंत तुम्ही? पाण्याचं विचारलंत, पार्किंगचं विचारलंत. खोल्या किती, ते नाही विचारलंत. चार खोल्यांचा आहे तो. तळमजल्याचा, आक्कांना चढावं लागू नये म्हणून. आणि एक खोली तुमची आणि आईंची. मी तुम्हाला सोडून जायला नव्हते निघाले, बाबा. मी सगळ्यांना धरलं होतं. तुम्ही स्वतःलाच नाही धरलंत."

उभ्या आयुष्यात त्यांनी प्रत्येक मालाला शंभर प्रश्न घातले होते. आणि ज्या एका प्रश्नानं महिनाभराची झोप परत आली असती, तो विचारायचा राहिला होता. त्यांना एकाच वेळी लाज वाटली आणि हलकंही वाटलं. ते खांबाला टेकले.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

"काय वाटलं ते ताकभातावरून कळलं होतं," ऋजुता म्हणाली. "सलिल, फ्लॅटवाल्यांना फोन कर, नको म्हणून सांग. गाडी चढली, आपण इथंच राहतोय." मग ती रितेशकडे वळली. तो बिचारा कोपऱ्यात पंच्यानं डोकं पुसत होता. "पण ही टेस्ट अर्धीच झाली. परत एकदा जायचं. ह्या वेळी कुणालाही न गाळता."

"म्हणजे अजून चिरे?" रितेशनं घाबरून विचारलं.

"चिरे आहेत तेवढेच राहू देत. बाबा, बसा आत."

"मी? अगो, जागा कुठे आहे?"

ऋजुतानं मागोमाग चढून आलेल्या बाळाला खूण केली. बाळानं शेवटच्या रांगेतलं 'धाकटं' उचलून बाहेर काढलं. काका कुरकुरत, गुडघा धरत, त्या रांगेत चढले. शेजारी पट्ट्यात 'थोरलं' बसलेलं. मग बाळानं ते दुसरं अर्धुकं हळूच काकांच्या मांडीवर ठेवलं.

"आणि ही मोठी झाल्यावर?" काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "बाप्यांएवढी झाल्यावर?"

"तेव्हा सलिल येईल मागून एसटीनं," ऋजुता म्हणाली. उमाकाकूंनी ह्यावर मान डोलावली आणि सलिल निमूटपणे चालवायला बसला.

गाडी घाटी उतरली, खालच्या रस्त्यावर वळली आणि पुन्हा चढायला लागली. पाऊस तसाच होता. वळण आलं. पुढचं चाक पुन्हा गरगरलं, पोटातली खरखर पुन्हा झाली, मागची चाकं पुन्हा लागली. एरवी हा आवाज कुठून येतो हे बघायला काकांनी गाडी थांबवली असती. ह्या वेळी त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही हातांनी त्यांनी तो चिरा पोटाशी धरला होता, गाडी हिंदकळली की आणखी घट्ट. जांभ्याचा लाल ओलसर रंग सदऱ्यावर उतरत होता.

खळ्यात गाडी थांबली. मुक्तानं धावत येऊन मागचं दार खाडकन उघडलं. "आजोबा, उतरा! आता माझी पाळी!"

काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

"श्श," ते मांडीवर बघत म्हणाले. "हळू गो. आत्ताच डोळा लागलाय."